युद्धातलं बालपण सांगणारी कॉमिक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टमध्ये हिरोशिमा दिन जवळ आला की शिक्षक विचारतात, सुट्टी लागली की पालक विचारतात, आणि ज्यांना स्वतःलाच वाचायचं असतं ते वर्षभर विचारतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ही संपूर्ण यादी नव्हे. जी कॉमिक्स मी पुन्हा पुन्हा हातात घेते त्यांच्याबद्दलच लिहिलंय, आणि आवडीनिवडी लपवलेल्या नाहीत.

नायक लहान मूल आहे, म्हणजे पुस्तक मुलांसाठीच असणार ना?

नाही. हा गोंधळ आपल्याकडे जरा जास्तच होतो. एका पिढीसाठी कॉमिक म्हणजे इंद्रजालमधला वेताळ, दुसरीसाठी अमर चित्र कथा. दोन्ही सुट्टीत दुपारी लोळत वाचायच्या गोष्टी. त्यामुळे मुखपृष्ठावर सात वर्षांचा पोरगा दिसला की पुस्तक थेट सात वर्षांच्या पोराच्या हातात जातं. आत काय आहे ते कोणी चाळूनही बघत नाही.

या प्रकारातली बहुतेक कॉमिक्स मोठ्या माणसांनी, मोठं झाल्यावर, मोठ्यांसाठी काढली आहेत. गोष्ट मुलाच्या उंचीवरून दिसते, इतकंच. मिरियम कॅटिन १९४२ साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मल्या. नाझींपासून वाचण्यासाठी त्यांची आई त्यांना घेऊन, नाव बदलून, खेड्यापाड्यांत लपत राहिली. ही गोष्ट पुस्तकरूपात आली २००६ मध्ये, म्हणजे लेखिकेची साठी उलटल्यावर. अशा पुस्तकात मूल बोलत असलं तरी त्याच्यामागे उभी असलेली म्हातारी बाई प्रत्येक पानावर जाणवते.

मग खरोखर लहान मुलांना देता येईल असं काहीच नाही?

आहे की. लोइक दोव्हिलिए, मार्क लिझानो आणि ग्रेग साल्सेदो या तिघांचं २०१२ मधलं फ्रेंच कॉमिक, लपवून ठेवलेल्या मुलीचं. एक आजी रात्री झोप येत नाही म्हणून उठून बसलेली असते आणि नातीला आपलं लहानपण सांगते. १९४२ चं पॅरिस, छोटी दुनिया (हे त्या आजीचंच नाव), आणि कपड्यावर शिवलेला पिवळा तारा. वडील तिला सांगतात की आता आपण सगळे शेरीफ होणार, हा त्याचा बिल्ला. शाळेत गेल्यावर तो बिल्ला कशाचा आहे ते तिला कळतं. चित्रांतली माणसं मोठ्या डोक्याची, बाहुल्यांसारखी आहेत, त्यामुळे आठ-नऊ वर्षांचं मूल दचकत नाही. प्रश्न मात्र भरपूर विचारतं. शेजारी बसूनच वाचा.

एकच वाचायचं असेल तर कोणतं?

केइजी नाकाझावा यांचा ‘अनवाणी गेन’. जपानीत ‘हादाशी नो गेन’. दहा खंड आहेत, पण घाबरू नका. पहिले दोन वाचले तरी खूप झालं, आणि ते वाचल्यावर तिसरा तुम्ही स्वतःच शोधाल.

नाकाझावा १९३९ साली हिरोशिमात जन्मले. वडील चित्रकार, युद्धाच्या विरोधात उघड बोलणारे, त्यासाठी तुरुंगात जाऊन आलेले. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सवाआठला केइजी शाळेच्या फाटकापाशी होता. एका वर्गमित्राच्या आईने त्याला थांबवून विचारलं, आज वर्ग कुठे भरणार, शाळेत की देवळात? त्याची पाठ शाळेच्या काँक्रीटच्या भिंतीला टेकलेली होती. ती भिंत मध्ये आली म्हणून तो वाचला. समोर उभी असलेली बाई वाचली नाही. वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली अडकून गेले. आई त्याच दिवशी रस्त्यावर बाळंत झाली. ती मुलगी काही महिनेच जगली.

पुढे ते टोकियोला गेले, कॉमिक्स काढू लागले, पण बॉम्बचं नाव काढत नव्हते. बॉम्बमधून वाचलेल्यांकडे तिथे लोक कसे बघतात ते त्यांनी अनुभवलं होतं. १९६६ मध्ये आई गेली. दहनानंतर अस्थी वेचायला गेले तर हाडं अशी उरलीच नव्हती, नुसती राख. किरणोत्साराने आईची हाडंसुद्धा नेली, या रागातून त्यांनी लिहायला घेतलं. १९६८ मध्ये पहिली अणुबॉम्बकथा छापून आली, १९७२ मध्ये ‘मी पाहिलं’ ही छोटी आत्मकथा, आणि १९७३ मध्ये ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात गेन सुरू झाला. हो, मुलांच्याच साप्ताहिकात. वर जे लिहिलं त्याला हा मोठा अपवाद आहे आणि त्याबद्दल पुढे येईलच.

गेनमध्ये सगळी होरपळच आहे का?

असा समज ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांचा असतो. पहिल्या खंडात बॉम्ब शेवटाकडे पडतो. त्याआधी जवळजवळ अख्खा खंड भूक, मारामाऱ्या आणि वात्रटपणा यांचा आहे. गेन आणि त्याचा धाकटा भाऊ शिंजी एका रताळ्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटतात. वडील गव्हाचं शेत दाखवून सांगतात की गहू तुडवला जातो तरी पुन्हा ताठ उभा राहतो. पोरांचं लक्ष अर्थातच तो गहू खायला कधी मिळणार याकडे असतं.

मला सगळ्यात आवडतो तो काचवाल्याचा प्रसंग. होरिकावा नावाचा एक पाय गमावलेला माजी सैनिक काचा बसवून पोट भरतो आणि त्याचा धंदा बसलेला असतो. गेन त्याला मदत करायची ठरवतो. कशी? दगड घेऊन लोकांच्या खिडक्या फोडत सुटतो. मागोमाग काचवाला हजर. बक्षीस म्हणून गेनला दुकानातली लाकडी युद्धनौका मिळते, ज्या नौकेवर शिंजीचा केव्हापासून डोळा असतो. गेन ती शिंजीला देऊन टाकतो. मग बॉम्ब पडतो, शिंजी तुळईखाली अडकतो, आणि त्या खेळण्यातल्या नौकेचं काय होतं ते इथे सांगत नाही.

घराबाहेरची हिंसाही बॉम्बच्या आधीच सुरू झालेली असते. वडील बांबूच्या भाल्यांच्या कवायतीची टिंगल करतात म्हणून गल्ली या घराला देशद्रोही ठरवते. बहिणीवर शाळेत चोरीचा आळ येतो. मोठा भाऊ घरावरचा डाग पुसायला नौदलात भरती होतो. त्या गल्लीत त्यांच्याशी नीट वागणारा एकच शेजारी आहे, श्री. पाक, आणि तो कोरियन आहे. म्हणजे त्यालाही गल्लीत किंमत नाही. युद्ध आकाशातून पडायच्या कितीतरी आधी शेजारपाजारात कसं शिरतं, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारं दुसरं कॉमिक मला माहीत नाही.

त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती?

पाया खरा आहे. सगळ्यात मोठा बदल नाकाझावांनी स्वतःच सांगितलेला आहे. कॉमिकमध्ये गेन धावत घरी पोहोचतो, वडील-बहीण-भाऊ ढिगाऱ्याखाली जिवंत असतात, तो तुळई उचलायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न करतो, आग जवळ येते आणि शेजारी आई आणि त्याला ओढून नेतात. प्रत्यक्षात सहा वर्षांचा केइजी तिथे नव्हता. आई त्याला नंतर रस्त्यात भेटली आणि घराशी काय झालं ते त्याने तिच्याच तोंडून, पुढे अनेकदा, ऐकलं.

काहींना हे कळल्यावर फसवणूक झाल्यासारखं वाटतं. मला वाटत नाही. आईने वर्षानुवर्षं जे सांगितलं ते त्याने त्या जागी स्वतःला उभं करून काढलं. ज्या प्रसंगात आपण नव्हतो, तिथे आपण असायला हवं होतं ही बोच त्या पानांत आहे. आणि तुळई हलत नाही. कॉमिकमध्ये नायकाला तुळई उचलायला लावणं लेखकाच्या हातात होतं.

चित्रं फार भयंकर आहेत असं ऐकलं. कोणत्या वयात द्यावं?

आहेत. कातडी लोंबत असलेले हात पुढे धरून चालणारी माणसं, पाण्यासाठी नदीत कोसळलेली माणसं, डोळ्यांत अळ्या. नाकाझावा म्हणत की प्रत्यक्ष पाहिलेल्यापेक्षा हे त्यांनी खूप सौम्य केलंय, नाहीतर वाचकांनी पुस्तक मिटलं असतं.

माझा अंदाज असा: बारा-तेराच्या पुढे, आणि घरात कोणी मोठ्याने आधी वाचलेलं असेल तरच. रेखाटनाची शैली सत्तरच्या दशकातल्या पोरांच्या कॉमिकची आहे. गोल डोळे, उड्या, टपल्या, तोंड वासून हसणं. त्याच शैलीत ती पानं येतात, त्यामुळे ती जास्त अंगावर येतात. मोठ्यांनाही एका बैठकीत वाचवत नाही.

इतकं झेपणार नसेल तर ‘मी पाहिलं’ घ्या. तीच हकिकत, थोड्या पानांत, थेट आत्मकथन म्हणून.

जपानमध्येच हे पुस्तक शाळांतून काढलं म्हणे. खरं आहे?

दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि लोक ती एकात एक मिसळतात.

पहिलं मात्सुए शहरातलं. डिसेंबर २०१२ मध्ये, ज्या महिन्यात नाकाझावा वारले त्याच महिन्यात, तिथल्या शिक्षण मंडळाने शाळांना सांगितलं की गेन उघड्या कपाटातून काढून आत ठेवा, मुलांनी मागितलं तरच विचार करा. आक्षेप मुख्यतः नंतरच्या खंडांतल्या चित्रांना होता, ज्यांत जपानी सैन्याने आशियात केलेले अत्याचार दाखवले आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये बातमी फुटली, देशभर गदारोळ झाला आणि महिना संपायच्या आत निर्देश मागे घेतला गेला.

दुसरं प्रकरण खुद्द हिरोशिमातलं, २०२३ चं, आणि ते मला जास्त बोलकं वाटतं. शहराच्या शांतता-शिक्षणाच्या पाठ्यसामग्रीत तिसरीच्या मुलांसाठी गेनमधले काही प्रसंग होते. ते वगळायचं ठरलं. कोणते प्रसंग? होरपळलेल्या माणसांचे नव्हेत. एकात गेन चार पैसे मिळावेत म्हणून रस्त्यावर जुन्या ढंगाचं कथागायन करतो. दुसऱ्यात गरोदर आईच्या अंगात ताकद यावी म्हणून परक्याच्या तळ्यातला मासा चोरतो. आजच्या मुलांना हे गायन कळणार नाही, आणि चोरीमुळे गैरसमज होईल, असं कारण दिलं गेलं.

म्हणजे बॉम्ब चालला, मासा चालला नाही. पोटातल्या बाळासाठी तळ्यात उतरून मासा धरणारा पोरगा हाच तर गेन आहे. तो काढला की उरतो तो ‘अणुबॉम्बचा बळी’, ज्याच्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहता येतं आणि मग मधली सुट्टी होते.

चांगलं युद्ध-बालपण-कॉमिक ओळखायचं कसं?

मी एकच गोष्ट बघते: मूल वात्रट राहू दिलंय का. खोटं बोलतं का, हावरटपणा करतं का, दुसऱ्याचा हेवा करतं का, युद्धाचा खेळ खेळतं का. टपोऱ्या डोळ्यांचं, निरागस, फक्त सोसणारं मूल पानोपानी दिसलं की मी पुस्तक खाली ठेवते. तसं मूल पोस्टरवर ठीक आहे. घरात तसं मूल कोणी पाहिलेलं नसतं, मग युद्धातल्या घरात ते कुठून येणार?

मार्जान सात्रापी यांचं ‘पर्सेपोलिस’ या कसोटीवर पहिल्या नंबरात येतं. मैत्रिणीचे वडील तुरुंगात जाऊन आले म्हणून मार्जी, म्हणजे लहानपणची लेखिका, जळते. आपल्या घरात कोणी हिरो नाही याची तिला लाज वाटते, आणि मग गोष्टी फुगवून सांगते.

‘पर्सेपोलिस’ तर इराणच्या क्रांतीवर आहे ना? युद्ध कुठे आलं?

दोन्ही आहे. फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत आलं. पहिल्या भागात क्रांती, दुसऱ्यात १९८० ला सुरू झालेलं इराण-इराक युद्ध. बहुतेक वाचकांच्या लक्षात बुरखा राहतो, कारण मुखपृष्ठावर तोच असतो. माझ्या लक्षात किल्ली राहिली.

त्या प्रकरणात शाळेत मुलींना रोज रांगेत उभं करून हुतात्म्यांसाठी छाती पिटायला लावतात, आणि काही दिवसांतच मुली त्याची नक्कल करून हसून लोळू लागतात. सैनिकांसाठी टोप्या विणायला दिल्या तर त्याच डोक्यात घालून धिंगाणा. त्याच वेळी घरी काम करणाऱ्या बाई रडत येतात: त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत सोनेरी रंग दिलेली प्लॅस्टिकची किल्ली दिली आहे. युद्धात मेलास तर हिने स्वर्गाचं दार उघडेल, असं सांगून.

आता त्या प्रकरणाचं शेवटचं पान उघडा. वरच्या मोठ्या चौकटीत भूसुरुंगांवर हवेत उडालेली मुलं. नुसत्या काळ्या आकृत्या, चेहरे नाहीत, गळ्यात किल्ल्या. खालच्या छोट्या चौकटीत मार्जीची पहिली पार्टी. तिथेही मुलं हवेत उड्या मारताहेत, हातपाय तसेच फेकलेले. मार्जीने भोकं पडलेला स्वेटर घातलाय आणि गळ्यात साखळी आणि खिळे, पंक फॅशनचे. भोकं वरही आहेत, खालीही. लेखिका एका शब्दाने दोन्ही जोडत नाही, मार्जीला दोषही देत नाही. ती नाचतेय, कारण ती तेरा-चौदाची आहे आणि गच्चीवाल्या घरात राहते. कामवाल्या बाईंचा मुलगा दुसऱ्या मोहल्ल्यात राहतो. एका देशात एकाच युद्धात दोन बालपणं असतात आणि फरक पैशाचा असतो, हे एका पानावर मावलंय. गद्यात याला प्रकरण लागलं असतं, आणि प्रकरणभर सांगितल्यावर ते प्रवचन झालं असतं.

वय? चौदाच्या पुढे. २०१३ मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांत हेही पुस्तक वर्गातून काढायचा प्रकार झाला. विद्यार्थी स्वतः रस्त्यावर उतरले.

यातली बरीचशी कृष्णधवल का असतात? छपाई स्वस्त पडते म्हणून?

जपानी साप्ताहिकांच्या बाबतीत हो, मुख्यतः त्यामुळेच. फ्रेंच पुस्तकांच्या बाबतीत ती निवड आहे. सात्रापींच्या काळ्या चौकटी बघा. शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं, ढिगाऱ्यात मार्जीला मैत्रिणीचं पिरोजा खड्यांचं कडं दिसतं, कड्याला काहीतरी चिकटलेलं आहे. त्यानंतरची चौकट पूर्ण काळी. रंगीत कॉमिकमध्ये चित्रकाराला तिथे काहीतरी काढावंच लागलं असतं.

कॅटिन उलटं करतात. युद्धाचा काळ पेन्सिलीच्या काळपट रेघांत, आणि नंतरच्या आयुष्यातली पानं रंगीत.

बॉम्ब, प्रेतं काही न दाखवता युद्ध सांगता येतं का?

येतं. झैना अबिराशेद यांचं बैरूतवरचं कॉमिक घ्या, २००७ चं. ‘पाकोळ्यांचा खेळ’ म्हणता येईल असं त्याचं नाव आहे. अख्खी गोष्ट १९८४ मधल्या एका संध्याकाळची, आणि घडते एका फ्लॅटच्या प्रवेशाच्या चौकात. यादवी युद्धात शहर दोन भागांत तुटलेलं, घर विभाजनरेषेला लागून. एकेक खोली गोळीबारामुळे निरुपयोगी होत गेली आणि शेवटी आतला हा चौकच तेवढा सुरक्षित उरला; त्यामुळे इमारतीतले सगळे शेजारी संध्याकाळी इथेच गोळा होतात.

आईवडील चार इमारती पलीकडे आजीकडे गेलेत आणि मारा सुरू झालाय. ते येईपर्यंत लहान झैना आणि तिचा भाऊ वाट बघतात. बस, इतकंच कथानक. शेजारी येत राहतात. कोणी मुलांना केक करून खाऊ घालतं, कोणी नाटकातले उतारे म्हणून दाखवतं. भिंतीवर एक जुना चित्रपडदा आहे, मोझेस आणि त्याच्यामागून इजिप्त सोडून निघालेले लोक. काळ्यापांढऱ्या, भूमितीसारख्या चौकटी एकीसारख्या एक येत राहतात आणि त्या पुनरावृत्तीनेच वाट बघणं लांबत जातं. मुंबईतल्या चाळीत वाढलेल्या वाचकाला हे पुस्तक उलगडून सांगावं लागत नाही. सगळा मजला एका खोलीत जमणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक असतं.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना देता येईल असं हे पुस्तक आहे. फक्त ती कंटाळतील. कंटाळू द्या.

काही कॉमिक्समध्ये माणसांऐवजी प्राणी का काढतात?

आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माऊस’मधले उंदीर-मांजर (ज्यू उंदीर, नाझी मांजरं) सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून जवळचं उदाहरण देते. श्रीनगरचे मलिक सजाद यांचं ‘मुन्नू’, २०१५ चं. १९९० च्या दशकातल्या काश्मीरमध्ये वाढणारा मुलगा. काश्मिरी माणसं हंगुलच्या, म्हणजे तिथल्या दुर्मिळ होत चाललेल्या हरणाच्या रूपात आहेत. बाहेरून आलेली माणसं माणसांसारखी. रेखाटन लाकडी ठशासारखं, घट्ट रेघांचं. मुन्नूला साखर आवडते, चित्रं काढायला आवडतात, शाळा आवडत नाही. झडतीसाठी पहाटे घराबाहेर काढलेल्या पुरुषांच्या रांगेतही तो मुलगाच राहतो.

प्राण्यांचं रूप एक काम करतं: चेहऱ्यांकडे बघून ‘हा कोणासारखा दिसतो’ असा विचार करायची सोय राहत नाही. तोटाही आहे, गर्दीच्या पानांवर कोण कोणता ते पटकन ओळखू येत नाही. मुन्नू वाचताना दोन-तीनदा मागची पानं उलटावी लागतात.

लहानपणी कमांडो कॉमिक्स खूप वाचली. ती यात बसतात का?

नाही. ब्रिटनमध्ये १९६१ पासून निघणारी ती छोटी पुस्तकं आपल्याकडे रद्दीच्या दुकानांतून भरपूर फिरली, पण त्यांत मूल वाचक आहे, पात्र नाही. त्याच ब्रिटनमध्ये, त्याच पोरांसाठी निघणाऱ्या ‘बॅटल’ साप्ताहिकात जानेवारी १९७९ पासून ‘चार्लीज वॉर’ सुरू झालं. लेखक पॅट मिल्स, चित्रकार जो कोलक्हून. सोळा वर्षांचा चार्ली वय खोटं सांगून १९१६ मध्ये भरती होतो आणि थेट पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईच्या खंदकांत पोहोचतो. तो घरी पत्रं लिहितो, शुद्धलेखनाच्या ढीगभर चुकांसह, सगळं छान चाललंय म्हणून. पत्राच्या ओळी वर आणि खाली चित्रात भलतंच काहीतरी. कमांडो वाचून मोठ्या झालेल्या बाबालोकांना मी आधी हेच देते.

युद्ध संपल्यावरचं बालपण कोणी काढलंय का?

कार्लोस हिमेनेझ यांनी. १९४१ चा जन्म, माद्रिद. स्पेनचं यादवी युद्ध तोवर संपलेलं, हुकूमशहा फ्रँकोचं राज्य आलेलं. अनाथ किंवा घरची परिस्थिती नसलेल्या मुलांसाठी चालवलेल्या सरकारी वसतिगृहांत त्यांचं लहानपण गेलं. ‘पाराकुएयोस’ हे त्यांच्या कॉमिकचं नाव, त्यातल्याच एका वसतिगृहाच्या गावावरून. छोट्या छोट्या गोष्टी, दोन-तीन पानांच्या. मार, तहान, प्रार्थना, रविवारी भेटायला येणाऱ्या आईची वाट. त्या पोरांची खरी संपत्ती म्हणजे कॉमिक्सचे फाटके अंक. त्यावर भांडणं, अदलाबदली, जेवणाच्या बदल्यात सौदे. मोठा होऊन मी हेच काढणार, असं एक पोरगं म्हणत राहतं.

गेनचे तिसऱ्यापासूनचे खंडही याच प्रकारातले. केस गळून टकला झालेला गेन, चोरी करून जगणारी अनाथ पोरांची टोळी, काळा बाजार, अमेरिकन सैनिक. तिथे पुस्तक थोडं पसरट होतं, हे कबूल.

‘गवत’ नावाचं कोरियन कॉमिक मुलांना द्यावं का? नायिका सोळा वर्षांची आहे.

नको. कुम सुक जेंड्री-किम यांचं २०१७ चं पुस्तक. ली ओक-सुन या वृद्धेची साक्ष आहे, जिला १९४२ मध्ये पळवून जपानी सैन्याच्या लैंगिक गुलामगिरीत ढकललं गेलं. स्वतः जरूर वाचा. अत्याचाराच्या जागी शाईचे काळे पट्टे, झाडं, वारा येतो. तरीही मुलांसाठी नाही.

जपानी कॉमिक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं ना?

मूळ हो. गेनच्या इंग्रजी आवृत्तीत पानं आरशासारखी उलटवली आहेत, त्यामुळे आपल्या सवयीने वाचा. त्याचं इंग्रजी भाषांतर १९७० च्या दशकात टोकियोतल्या स्वयंसेवकांनी सुरू केलं होतं, जपानी कॉमिक्स इंग्रजीत फारशी कोणी छापत नव्हतं तेव्हा.

भारतीय भाषांत काय मिळतं?

फुमियो कोउनो यांचं हिरोशिमावरचं कॉमिक तोमोको किकुची यांनी हिंदीत आणलं, ‘नीरव संध्या का शहर, साकुरा का देश’. बॉम्बनंतर दहा वर्षांनी आणि मग पुढच्या पिढीत काय उरतं, त्याची गोष्ट. चित्रं इतकी हलकी की वाचताना पहिल्यांदा काही झालंच नाही असं वाटतं. फाळणीवरच्या भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी कॉमिक्सचा २०१३ मधला इंग्रजी संग्रह ‘धिस साइड, दॅट साइड’ही बघा, विश्वज्योती घोष यांनी जुळवलेला.

मराठीत नव्याने काढायचं म्हटलं तर विषय आहे का?

कोल्हापूरच्या वेशीवर आहे. वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४० मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सैन्याने उचलून त्यांना दूर मालगाड्यांनी नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती पंचगंगेकाठी पोहोचली. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटचं पथक होतं. पाच वर्षं म्हणजे मुलाचं अख्खं बालपण. कडाक्याच्या थंडीतून आलेली पोरं कोल्हापूरच्या उन्हात सायकली चालवत मोठी झाली. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. आज तिथे गांधीनगरची बाजारपेठ आहे. दोन फाटाफुटींची मुलं, एकाच भिंतींच्या आत, एका मागोमाग. चित्रकाराला याहून काय हवं? फक्त कोणी काढायला घेतलंच तर एक विनंती: त्या पोरांना शेजारच्या मळ्यातला ऊस चोरू द्या.

वर्गात वाचून दाखवायचं असेल तर कसं?

मोठ्याने वाचू नका. कॉमिक मोठ्याने वाचलं की फुग्यातले शब्द तेवढे ऐकू जातात आणि चित्र मागे पडतं. एका पानाच्या प्रती काढा, दोघांत एक द्या, पाच मिनिटं गप्प बसा. किल्लीचं पान नववी-दहावीला, अबिराशेदचा चौक सहावी-सातवीला. तिसरी-चौथीला गेनमधला मासा चोरायचा प्रसंग द्या, हिरोशिमाने वगळला तोच. ‘चोरी केली ते बरोबर का?’ हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागणार नाही, पोरंच त्यावरून भांडतील.